पाणी धरणाऱ्या फळ्या

प्राप्तीने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, नारळाची शेंडी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि डेकवरचे पांढरे डाग घासायला घेतले. डाग हट्टी होते. फळीच्या रेघारेघांत शिरून बसलेले. घासले की जायचे, फळी ओली काळीभोर दिसायला लागायची, फोटोत शोभेल अशी, आणि आठवडा संपायच्या आत पुन्हा हजर. समुद्राजवळ घर म्हटलं की खारी हवा आलीच, असं तिने स्वतःला सांगून टाकलं होतं आणि ती घासत होती. तिचं असंच होतं. एखादी गोष्ट आपण करायची असं एकदा ठरलं की ती गोष्ट तिच्या हातून सुटायची नाही, मग त्या गोष्टीची इच्छा असो वा नसो.

परेश स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभा होता. अलिबागपासून मांडव्यापर्यंत मुंबईच्या लोकांना घरं दाखवणं हा त्याचा धंदा. पायात पांढरे बूट होते, त्यामुळे तो उंबऱ्याच्या पुढे येत नव्हता.

"घास. कितीपण घास," तो म्हणाला. "प्रॉब्लेम डागांचा नाहीये."

"मग कशाचा आहे?"

त्याने मोबाइल धरलेला हातच पुढे केला. डेकच्या मध्यावर आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी साचलं होतं. दसरा होऊन गेला होता तरी पाऊस जायला तयार नव्हता. पाण्यात आभाळ दिसत होतं, आंब्याची फांदी दिसत होती आणि एक पिकलं पान मजेत तरंगत होतं.

परेशचं म्हणणं साधं होतं. घराला डेक असणं म्हणजे प्लस पॉइंट. पण पाणी धरून बसणारा डेक असला की प्लसचा मायनस होतो, आणि तो मायनस घरभर पसरतो. माणूस आधी पाणी बघतो. मग त्याला वाटतं लाकूड कुजलंय. लाकूड कुजलंय म्हणजे वासेही कुजले असणार, आणि वासे कुजले म्हणजे घरच गेलं. गणपतीच्या आधी ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यांना ओटी आवडली, आंबा आवडला, मागची खाडी तर फारच आवडली. मग त्यातल्या काकांनी डेकवर पाऊल टाकलं आणि त्यांचा मोजा भिजला. चहा अर्धा ठेवून ते लोक गेले ते गेलेच.

"पण फोन तर डेक बघूनच येतात ना परेशदादा?"

"फोन डेक बघून येतात. परत जातात तळं बघून."

यावर प्राप्ती नुसती घासत राहिली, ही नवलाची गोष्ट. हल्ली तिच्याकडे सगळ्याची उत्तरं असायची. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात धडा वाचायला उभी राहिली की तिसऱ्या ओळीला तिचा आवाज बसायचा. यंदा दहावीत बाईंनी तिला जबरदस्तीने वक्तृत्वाला पाठवलं, ती ढाल घेऊन आली, आणि तेव्हापासून तिचा आवाज जो मोकळा झाला तो घरात, शाळेत, जेटीवर कुठेच थांबेना. घराचा व्हिडिओही तिनेच केला होता. खाडीकडे पाठ करून, केस कानामागे सारत, 'नमस्कार, हे आमचं घर आणि हा आमचा डेक' असं म्हणून. वाडीत त्याला डेक कोणी म्हणत नव्हतं. वाडीत ती सदाची, म्हणजे तिच्या बाबांची, फळ्यांची होडी होती.

परेशने दोन उपाय सांगितले. एकतर सगळ्या फळ्या उचकटून खाली पेव्हर ब्लॉक घालायचे, किंवा निदान भोकं पाडून पाण्याला वाट करून द्यायची. रविवारी एक जोडपं मुंबईहून रो-रो बोटीने येणार होतं. नवीन लग्न झालेलं, दोघं कमावती, निवांत घर शोधणारी. ही शेवटची चांगली संधी, असं तो म्हणाला. त्याच्या सगळ्याच संधी शेवटच्या असायच्या, पण या वेळी त्याचा चेहरा खरा वाटत होता.

तेवढ्यात सदा खाडीच्या बाजूने आला. मागच्या दगडी बांधावरून उतरून, अनवाणी, लुंगी वर खोचलेली, पिंडऱ्या ओल्या. परेशने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सदाने ते मान खाली घालून ऐकलं.

"फळ्या ऱ्हातील," तो म्हणाला.

"राहू देत ना सदाकाका. नुसती भोकं पाडू. गिरमिटाने. बारीक."

"न्हाय."

एवढं बोलून तो आत गेला. जाताना मुलीने घासून काळ्या केलेल्या फळीवर त्याची नजर गेली. नंतर भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

घर विकायचं हे शिमग्यानंतर ठरलं होतं. शिमग्याच्या आधी किशोरी गेली, प्राप्तीची आई. पाठीच्या मणक्याचं दुखणं होतं. आधी पाय लटपटायला लागले, मग ते अंग धरेनासे झाले. दोन पावसाळे तिने चाकांच्या खुर्चीत काढले. त्याआधी ती रोज पहाटे किनाऱ्यावर असायची. होड्या आल्या की लुगडं वर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरायची, होडीवरून म्हावरं टोपलीत घ्यायची, आणि भाव करताना तिचा आवाज मांडव्याच्या जेटीपर्यंत जातो असं लोक म्हणायचे.

किशोरी खुर्चीत बसली आणि सदाने आपली होडी वाळूवर ओढून घेतली. गुणाजी नाना म्हणून म्हातारा सुतार होता, आयुष्यभर होड्याच बांधलेला. दोघांनी मिळून ती होडी फळी-फळीने उलगडली. लोकांनी वेड्यात काढलं. चांगली चालती होडी विकायची सोडून हा माणूस तिच्या फळ्या मागच्या अंगणात अंथरत होता, कारण काय, तर अंगणात दगड आणि मुळं आहेत, बायकोची खुर्ची खाडीपर्यंत जात नाही. खुर्ची घरंगळू नये म्हणून त्याने चारी बाजूंनी चार बोटं उंच काठही बसवला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण मग पहिली सर आली आणि पाणी फळ्यांवरच राहिलं. सदाने आणि नानाने होडीच्या सवयीने फळ्यांच्या सगळ्या फटी कापूस ठासून, वर राळ आणि तेलाचं लुकण भरून बंद केल्या होत्या. पाणी आत येऊ नये म्हणून होडीला जे करतात, ते अंगणाला केलं होतं. वाडीला हसायला वर्षभराचं निमित्त मिळालं. शेजारची सोनूबाई कुंपणावरून म्हणायची, "सदा, दुनियेची होडी पानी भायेर ठेवते, तुजी आत ठेवते." सदा स्वतःही हसायचा. हाताला सवय होडीची, काय करायचं, म्हणायचा. प्राप्तीला मात्र शाळेत कोणी यावरून चिडवलं की राग यायचा, तो लोकांचा नाही, बाबांचा.

आता नवा रस्ता ठरला होता. दत्तात्रेय मामा उरणला असतो. त्याने न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सदासाठी काम बघून ठेवलं होतं. दहावीची परीक्षा झाली की प्राप्तीचं कॉलेजही उरणला. इथलं घर गेलं तरच तिथली जागा घेता येणार होती. प्राप्तीला जायचं होतं. हे ती कोणापासून लपवत नव्हती. मामाच्या बिल्डिंगमधली चौथ्या मजल्यावरची एक खिडकीसुद्धा तिने मनात धरून ठेवली होती, तिच्याखाली अभ्यासाचं टेबल. आणि तिला बाबांनाही न्यायचं होतं. आई गेल्यापासून तो माणूस दुसऱ्यांच्या होडीवर जायचा, यायचा, जेवायचा, आणि उरलेला वेळ मागच्या दारात बसायचा. इथे राहिला तर असाच बसून राहील, हे तिला दिसत होतं.

म्हणून शनिवारी, सदा मामाबरोबर यार्ड बघायला उरणला गेला तेव्हा, तिने शाळा बुडवली आणि गुणाजी नानाला बोलावून आणलं.

नाना पिशवी खांद्याला लावून आला, डेकच्या काठावर उकिडवा बसला आणि आधी विडी काढली.

"सदाला ठावं हाय?"

"बाबा संध्याकाळी येतील. तोवर झालेलं असेल."

"म्हंजी न्हाय."

"नाना, घर विकायचंय आमचं. उद्या लोक येतायत. हे असं तळं बघून कोण घेईल सांगा. भोकं पाडली की पाणी जाईल, लोक खूश होतील, बाबासुद्धा नंतर म्हणतील बरं झालं. मी त्यांची समजूत घालीन. ते माझ्यावर सोडा."

एवढं बोलणं नानाने विडी संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग पिशवीतून गिरमिट काढलं आणि मधल्या फळीवर टोक टेकवून फिरवायला सुरुवात केली. लाकडाचा भुगा वर यायला लागला, आणि त्याच्याबरोबर वास. जुन्या होडीच्या लाकडात मुरलेलं माशाचं तेल. हा वास आईच्या लुगड्याला यायचा. प्राप्तीने नाकावरून हात फिरवला आणि घाईने बोलायला घेतलं, कारण गप्प बसलं की तो वास आणखी जवळ येत होता.

"खरं म्हणजे चूक तुमचीच आहे नाना. तुम्ही सुतार. बाबा काय, तांडेल, होडी हाकणारे. तुम्ही तरी सांगायचं होतं की अंगणात कोणी कापूस ठासत नाही."

गिरमिट थांबलं.

"माजी चूक?"

"मग? अख्खी वाडी हसते."

नानाने गिरमिट बाजूला ठेवलं. त्याला राग आला होता. पांढऱ्या भुवयांच्या खाली डोळे बारीक झाले होते. बोटभर फट ठेव, पानी खाली जाऊ दे, असं त्याने सदाला एकदा नव्हे, दहादा सांगितलं होतं म्हणाला. लाकडाचा माणूस असून एवढं कळू नये असा काय तो खुळा होता?

"मग बाबांनी ऐकलं नाही?"

"तो बोल्ला, न्हाय नाना. ठासा कापूस. पानी ऱ्हायला पायजे. किशोरीला पानी लागतं."

"कसलं पाणी?"

"खारं पानी," नाना म्हणाला, जणू दुसरं कुठलं पाणी जगात नसतंच. "पायाला खारं पानी लागल्याबिगर तिला झोप न्हाय यायची. पायांवर उभी ऱ्हात न्हाय तर तिला समुद्रात कसा न्यायचा? म्हून समुद्र इकडं आनला. भरती आली की बांधावरनं हंडे भरायचे आनि हितं ओतायचे. ती खुर्चीत, पाय पान्यात. मी बघितलंय ना. चा पियाला असायचो मी."

प्राप्तीने वळून बांधाकडे पाहिलं.

"मी कधीच नाही बघितलं."

"तू शालेत असायचीस."

"पण डॉक्टरांनी पाय कोरडे ठेवायला सांगितले होते."

"तेच तर," नाना म्हणाला, आणि आता त्याचा राग गेला होता, तो हसत होता. "तुजी भीती वाटायची त्यांना. दोघांना. तू यायच्या आधी फडक्यानं पाय पुसायचे, खुर्ची आत घ्यायची. शालेची घंटा ऐकली की सदाची धावपळ बघायची. चोरी केलेल्या पोरांवानी."

खरं होतं. घरात डॉक्टरांचं बोलणं लक्षात ठेवणारी प्राप्तीच होती. कधी कुठली गोळी, किती वेळ पालथं झोपवायचं, पाय ओले राहू द्यायचे नाहीत, कातडी फाटते. रोज संध्याकाळी दप्तर टाकलं की ती आईचे पाय मांडीवर घ्यायची, बोटाबोटांतून फडकं फिरवायची, मालिश करायची, पावडर लावायची. बेचक्यांत पांढरं काहीतरी राहिलेलं असायचं. कालची पावडर नीट पुसली नाही, असं ती स्वतःलाच दटावायची. आई वरून बघत असायची, ओठ घट्ट मिटून. ती तेव्हा दुखणं सोसते आहे असं प्राप्तीला वाटायचं. आणि पाय कोमट असायचे. दिवसभर न हललेले पाय थंड पडतात, डॉक्टर म्हणाले होते. आईचे कोमट होते. म्हणजे आपली मालिश लागू पडते आहे, असा प्राप्तीने अर्थ लावला होता. वर्गात मैत्रिणींना सांगितलंही होतं.

पाडलेल्या एकुलत्या भोकातून पाणी बुडबुड करत खाली जात होतं. पिवळं पान गिरक्या घेत त्याच्या तोंडाशी आलं आणि अडकलं.

"नाना, हे बुजवता येईल?"

नानाने तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता पिशवीतून लाकडाचा तुकडा काढला, तासून त्याची खुंटी केली, कापूस गुंडाळला आणि ती भोकात ठोकली. ठोकून झाल्यावर वर तळहात फिरवला, झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. नवी खुंटी काळ्या फळीत टिकलीसारखी उठून दिसत होती.

तो गेल्यावर प्राप्ती काठाशी बसली. काठाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे तिची नारळाची शेंडी कधी पोचत नव्हती तिथे, पांढऱ्या रेघा होत्या, एकीवर एक, ताटात सुकलेल्या पेजेसारख्या. तिने नखाने खरवडून बोट जिभेला लावलं. मीठ होतं. हवेतून एवढं मीठ येत नाही.

मग तिला दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती जागची हलली नाही. आई जाऊन अख्खा पावसाळा उलटला होता. आषाढ-श्रावणाने या फळ्या किती वेळा धुऊन काढल्या होत्या. तरी तिने याच आठवड्यात घासलेले डाग ताजे होते. मागच्या आठवड्यातलेही ताजेच होते.

आई गेल्यानंतर एकदा तिने विचारलं होतं, बाबा, हंडा ओला कसा? तो म्हणाला होता, फळ्या सुकल्या की फाकतात बाय, पाणी मारावं लागतं.

सदा दिवेलागणीला परत आला. यार्ड मोठं आहे म्हणाला. काम गेटवरच्या केबिनमध्ये बसायचं, आलेल्या-गेलेल्या ट्रेलरचे नंबर बघायचे. पंखा आहे. प्राप्तीने समुद्र दिसतो का विचारलं.

"क्रेना दिसतात," तो म्हणाला.

मग तो सवयीने मागच्या दाराने बाहेर पडला. चालता चालता मध्येच थांबला. वाकला नाही. पायाच्या अंगठ्याने ती नवी खुंटी चाचपली, कडेकडेने, दाबून पाहिली. पक्की होती. प्राप्ती दारात उभी होती आणि हातातल्या कपाचा कान पकडून वाट बघत होती, ओरडा बसायची.

"नाना आलते?"

"हो."

तो तसाच उभा राहिला, अंगठा खुंटीवर. खाडीवरून बगळे परत चालले होते.

"चा ठेव," तो म्हणाला.

रविवार उघडीप घेऊन आला. ऊन असं की डेक सकाळीच कोरडा ठणठणीत झाला, डाग नाहीत, तळं नाही. परेशचा फोन आला, त्याला फोटो पाठवला तर त्याने अंगठा आणि फुलं पाठवली. दिवसभर असाच राहू दे म्हणाला. प्राप्तीने शाळेच्या गॅदरिंगला घातलेला निळा ड्रेस घातला, केस बांधले, आणि जेटीवर पाहुण्यांना घ्यायला मीही येते असं परेशला कळवलं.

सदा बांधाच्या बाजूला दाराशी बसला होता. हंडा भिंतीला टेकवलेला, रिकामा. भरतीचं पाणी हळूहळू चिखल झाकत बांधाकडे येत होतं. तो ते बघत होता, आणि हंड्याकडे बघत नव्हता.

प्राप्ती चप्पल घालून पुन्हा मागे आली.

"बाबा, फळ्या सुकल्यात."

त्याने मान वर केली.

"सुकल्या की फाकतात ना," ती म्हणाली. तिच्या आवाजाला वक्तृत्वाचा सूर नव्हता. "मला यायला वेळ लागेल. त्यांना मी आधी किनारा दाखवीन, मग देऊळ. भरती पुरी भरेपर्यंत काही आणत नाही."

सदाची नजर हंड्याकडे गेली. तिने ओढणीची गाठ नीट केली आणि निघाली.

जोडप्यातल्या नवऱ्याचं नाव ऋत्विक होतं, बायकोचं क्रांती. ऋत्विकला भिंतींची जाडी, पाण्याची लाइन, मोबाइलची रेंज सगळं जाणून घ्यायचं होतं, आणि प्राप्तीने वाटेतच निम्म्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकली. क्रांती कमी बोलत होती. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांखालून ती वाकून गेली आणि केसांना वास लागला तेव्हा नुसती हसली. देवळात प्राप्तीने मुद्दाम जास्त वेळ काढला. परेश घड्याळ दाखवत राहिला.

घरात आल्यावर ओटी झाली, माजघर झालं, स्वयंपाकघर झालं. परेश सगळ्यांच्या पुढे जाऊन मागचं दार उघडायला निघाला.

"आणि हा तुमचा डेक," असं म्हणून त्याने दार ढकललं, आणि तो तिथेच थबकला.

डेक पाण्याने काठोकाठ भरला होता. उन्हात ते पाणी इतकं स्वच्छ दिसत होतं की खालची फळी न् फळी, प्रत्येक खिळ्याचं डोकं आणि मधली ती पांढरी खुंटी मोजून घ्यावी. त्यापलीकडे बांध आणि बांधाला लागलेली खाडी. दोन्ही पाणी एकाच उंचीवर असल्यासारखं वाटत होतं. सदा भिंतीशी उभा होता. लुंगी ओली, हंडा पायाशी.

"हे... हे आज फक्त धुतलंय," परेश म्हणाला. "हे सगळं निघतं. तुम्ही म्हणाल तर आम्हीच काढून देऊ, पेव्हर घालू."

"लीकेज आहे का?" ऋत्विकने विचारलं.

"लीकेज नाही," प्राप्ती म्हणाली. "उलटं आहे."

क्रांती उंबऱ्यावर टेकली, सँडल काढून बाजूला ठेवल्या आणि एक पाय पाण्यात घातला. मग दुसरा. तिने वाकून बोट बुडवलं, ओठाला लावलं.

"खारं आहे," ती नवलाने म्हणाली. "समुद्राचं?"

"भरतीचं." प्राप्तीला वाटलं होतं आपण खूप काही सांगू. रात्री अंथरुणात तिने भाषणच रचलं होतं, होडी कशी उलगडली इथपासून. आता तोंडात आलं ते वेगळंच. "होडीच्या फळ्या आहेत. कोरड्या पडू द्यायच्या नाहीत. पाणी मारायचं."

"किती?"

"पाय बुडतील एवढं. खुर्चीत बसल्यावर."

भिंतीशी उभ्या असलेल्या सदाचा हात हंड्याच्या गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. प्राप्तीने तिकडे पाहिलं नाही. ती क्रांतीच्या पायांकडे बघत होती. घोट्यांभोवती पाण्याची बारीक वर्तुळं उठत होती, काठाला जाऊन परत येत होती.

"रोज?" क्रांतीने विचारलं.

"रोज."

क्रांती उठून पाण्यात उभी राहिली. मग मागे न वळता म्हणाली, "ऋत्विक, बूट काढ."

ऋत्विक एका पायावर उभा राहून नाडी सोडायला लागला.

"आम्ही शनिवार-रविवारच येऊ शकू," क्रांती सदाकडे वळून म्हणाली. ती खरोखरच काळजीत होती. "मधल्या दिवसांत कोण घालणार पाणी?"

सदाने घसा साफ केला.

"रोज न्हाय घातलं तरी चालंल," तो म्हणाला. त्याने क्रांतीच्या भिजलेल्या पायांकडे पाहिलं. "आता चालंल."

त्याने हंडा उचलला, तळाशी राहिलेलं पाणी आंब्याच्या बुंध्याशी ओतलं आणि तो उंबऱ्याजवळ पालथा घालून ठेवला. मग ओले हात लुंगीला पुसत तो घरात गेला.

परेश प्राप्तीकडे बघत होता, आता काहीतरी बोल या अर्थाने. तिने चपला काढल्या, निळा ड्रेस मुठीत धरला आणि ती पाण्यात उतरली.

पाणी उन्हाने कोमट झालं होतं.